गोजरबाईचं येसर

सोलापुरात तुळजापूर वेशीच्या आसपास त्या काळी एखाद्या घरी लग्न ठरलं, की भटजीच्या आधी गोजरबाईकडे माणूस जायचा. मुहूर्त एकवेळ पुढेमागे झाला तरी निभावतं, पण आमटी बिघडली तर व्याही जन्मभर ऐकवतात. आणि लग्नाची आमटी म्हणजे येसराची. धने, तीळ, खोबरं, मिरची, दगडफूल आणि वर आणखी काय काय भाजून कुटलेला तो काळपट मसाला. उकळत्या आधणात चार मुठी पडला की आमटीला रंग यायचा, दाटपणा यायचा, आणि पंगतीतला माणूस तोंडानं 'बास, बास' म्हणत हातानं वाटी पुढे करायचा. येसर पुष्कळ बायका करत. गोजरबाईच्या येसरासारखी भाकरीला धरून बसणारी आमटी मात्र कुणाची होत नसे.

ती का होत नसे, हे गोजरबाई कुणाला सांगत नव्हती. मसाला भाजायच्या दिवशी ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. धुरानं डोळे चुरचुरले, ठसका लागून जीव कासावीस झाला, तरी दार उघडायची नाही. शेजारची कस्तुराबाई स्वतः येसर करून विकायची. ती अशा दिवशी बरोबर विस्तव मागायला यायची आणि बाहेरूनच परत जायची. तिचं नाक चांगलं होतं, पण दाराच्या फटीतून वासानं कळतं ते किती कळणार?

सुनेलाही प्रमाण ठाऊक नव्हतं. यात गोजरबाईला काही वावगं वाटत नव्हतं. तिची सासू बजाबाई हिनं तिलाही अर्धं आयुष्य दाराबाहेर बसवलं होतं आणि मुसळ उचलेना झालं तेव्हा कुठे जवळ बोलावून कानात सांगितलं होतं. सासूनं आपल्याला जसं वागवलं तसंच सुनेला वागवायचं, याला आपल्याकडे रीत म्हणतात, आणि रीत म्हटली की कुणाला लाज वाटत नाही. शिवाय नवरा लवकर गेल्यावर मुलाला, रावजीला, तिनं या मुसळाच्या जोरावर वाढवलं होतं. रावजी आता एस.टी.च्या वर्कशॉपात लागला होता, खाऊनपिऊन सुखी होता. तरी पण गोजरबाईला वाटे, हातातली विद्या दिली की आपल्या हातात काय उरलं? उद्या सून म्हणेल, आत्या, तुमी बसा आता कोपऱ्यात.

सून शेवंता मंद्रूपची. कामाला वाघीण, बोलायला कमी. तिची मुलगी छबू झाली ती बाहत्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी बाजारातून ज्वारी नाहीशी झाली. ज्या घरात गहू सणासुदीपुरता शिजायचा, तिथे रेशनचा गहू रोज दोन्ही वेळेला ताटात आला. मोठ्यांना ते बरंच वाटलं. रोज पोळी म्हणजे रोज दिवाळी. छबूला अंगावरचं दूध तोडून गव्हाची पेज सुरू केली, मग खीर, मग दुधात कुस्करलेली पोळी.

आणि पोर वाळायला लागली. पोट तेवढं फुगलेलं, हातापायांच्या काड्या. रोज जुलाब, रोज किरकिर. दोन वर्षांची झाली तरी धरल्याशिवाय उभी राहीना. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला, पोटावर बिब्बा घालून झाला. शेवटी रावजीनं कुणाचं न ऐकता तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, घाईचे नव्हते. त्यांनी तपासण्या केल्या, काही पुण्याला पाठवल्या, आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगून मग मराठीत म्हणाले की या पोरीच्या आतड्याला गव्हातला चिकट अंश सोसत नाही. औषध काही नाही. गहू आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, काहीही द्या. पोळी, रवा, मैदा, बिस्कीट, शेवया यांचा कणसुद्धा नको.

गोजरबाईला पहिल्यांदा हसूच आलं. गहू म्हणजे पाहुण्याला वाढायचं अन्न, त्यानं कुणी आजारी पडतं? पण पोरीवर तिचा जीव होता, खोटं कशाला बोला. घरी येऊन तिनं शेवयांचा डबा, कुरडया, रवा, सगळं उचलून कस्तुराबाईला देऊन टाकलं. मोठ्यांच्याही ताटातली पोळी बंद केली. पिठाच्या चक्कीवर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि छबूपुरती ज्वारी पहाटे स्वतः दळू लागली. आता इतकं कोण करतं? मऊ भात, मुगाचं पाणी, ताक असं करता करता पोर सावरली. जुलाब थांबले. एके दिवशी भिंत सोडून चार पावलं चालली, तेव्हा गोजरबाईनं आळीत साखर वाटली.

पोर बरी झाली म्हटल्यावर तिला बेचव भातावर किती दिवस ठेवायचं? गोजरबाई तिला आपल्या ताटात घेऊ लागली. ज्वारीची भाकरी कुस्करायची, त्यावर येसराची आमटी, वर तुपाची धार. छबू बोटं चाटूनपुसून खायची. आजीला धन्य धन्य वाटायचं. आणि थोड्याच दिवसांत पोट पुन्हा फुगलं, जुलाब पुन्हा सुरू झाले.

तेवढ्यात मंद्रूपला शेवंताच्या भावाचं लग्न निघालं. ती पोरीला घेऊन गेली आणि मोसमाची कामं होती म्हणून तिकडेच राहिली. परत आली तेव्हा छबूच्या गालांवर मांस होतं. गोजरबाईनं पोरीला कडेवर घेतलं, वजन हाताला जाणवलं, आणि आनंदाबरोबर आत कुठेतरी टोचलंही. मंद्रूपच्या त्या घरात काय होतं? भाकरी, शेंगांची चटणी, ताक, फार तर उकडलेली भाजी. फोडणीला हिंग नाही, आमटीला मसाला नाही. तिथे पोर भरते आणि इथे चांगल्याचुंगल्यावर वाळते? कस्तुराबाईनं ते बोलूनच दाखवलं. म्हणाली, आजोळचं पाणी मानवलं गं पोरीला. हे वाक्य गोजरबाईला झोपेतसुद्धा ऐकू येऊ लागलं.

महिना गेला नाही तोच गालाची हाडं परत दिसायला लागली. आता मात्र गोजरबाईचं डोकं एकाच दिशेनं धावलं. घरात गहू नाही. आपण तर देत नाही. मग राहिली कोण? शेवंताला पोळीची आवड होती हे तिला ठाऊक होतं. दुपारी ती नळावर जाते, वाटेत कुणाच्या घरी टेकते, पोरीच्या हातावर बिस्कीट पडत असेल. आधी ती रावजीकडे पुटपुटली. रावजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका संध्याकाळी तिनं सुनेला तोंडावर सांगितलं की तूच पोरीला चोरून काहीतरी चारतेस, आणि तुझ्या जिभेपायी लेकरू मरायला लागलंय.

शेवंता रडली नाही. तिनं मांडीवरची छबू उचलली आणि सासूच्या मांडीवर ठेवली.

"आत्या, आजपासनं तुमीच चारा. मी पाण्याचा थेंबसुदीक तिच्या तोंडाला लावणार न्हाय. मग बगा."

आणि तिनं तसंच केलं. छबूचा प्रत्येक घास गोजरबाईच्या हातचा होऊ लागला. तिनं पोरीला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. नळावर नाही, शेजारी नाही, आजोळी नाही. स्वतःच्या हातानं दळलेल्या पिठाची भाकरी, स्वतःच्या हातची आमटी, स्वतःच्या हातानं घास. आणि पोर जास्तच खालावली. पहिल्यापेक्षा जास्त. चालायची ती बसायला लागली, बसायची ती पडून राहायला लागली. आता दोष द्यायला शेवंता उरली नव्हती. गोजरबाईला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दवाखान्यात त्या तिघी गेल्या. सासू, सून आणि सोबतीला म्हणून, नको नको म्हणताना निघालेली कस्तुराबाई. बाकावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. डॉक्टरांनी छबूला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. जात नसेल तर मग हा रोग वेगळा आहे, पोरीला मुंबईला हलवावं लागेल, आणि तिथेही काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. मग त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. भाकरी कसली, पीठ कुठे दळता, मीठ कुठलं, चटणी कसली, लोणचं देता का. हिंग कुठून आणता, कारण दुकानच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो असं मी ऐकून आहे, ते बघा. गोजरबाई सगळ्याची चोख उत्तरं देत होती. मग ते म्हणाले, "आजी, तुमच्या मसाल्यात काय काय असतं?"

गोजरबाईच्या एका बाजूला शेवंता, दुसऱ्या बाजूला कस्तुराबाई. दोघींचे कान तिच्याकडे लागलेले.

"धने, जिरे, खोबरं, तीळ, मिरच्या. समद्या घालत्यात तेच की."

"धान्य काही?"

"न्हाय."

आता खरी गोष्ट अशी की येसराला दाटपणा येतो तोच मुळी धान्यानं. कुणी हरभऱ्याची डाळ घालतं, कुणी बाजरी. बजाबाईनं कानात सांगितलेली खुबी होती गव्हाची. गहू मंद आचेवर करपायच्या बेताला आणायचे, काळेभोर करायचे आणि मग कुटायचे. पायलीभर मसाल्याला किती मुठी, हे गोजरबाईच्या हाताला पाठ होतं.

पण ती मुद्दाम पोरीच्या जिवावर उठली होती असं कुणी समजू नये. तिच्या हिशेबी तो गहू गहूच नव्हता. नवरात्राचे नऊ दिवस ती अन्नाला शिवत नसे, पण भाजलेल्या धान्याचा फराळ चालायचा. का? तर भाजलं की ते अन्न राहत नाही. आईनं सांगितलं होतं, सासूनं सांगितलं होतं, सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. भाजलेलं बी जमिनीत टाकलं तर उगवतं का? नाही. म्हणजे मेलं. मग मेलेला गहू पोटात जाऊन काय करणार? म्हणून डॉक्टरांपुढे 'न्हाय' म्हणताना तिला आपण अगदीच खोटं बोलतोय असं वाटलं नाही. थोडं वाटलं. ते थोडं तिनं पदराखाली घातलं आणि उठली.

डॉक्टर म्हणाले, हिंगाचं तेवढं बघा. ते बघायला ती दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत नागप्पाच्या दुकानी गेली. नागप्पा मूळचा मैंदर्गीचा, घरात कानडी, दुकानात मराठी, रागावला की दोन्ही. हिंग तो स्वतः दुकानामागच्या खोलीत तयार करायचा आणि छोट्या डब्यांतून विकायचा. त्याच्या हिंगाचं नाव होतं आणि त्यात काय असतं ते तोही कुणाला सांगत नसे. गोजरबाई आज मोठ्या तोऱ्यात गेली होती. हा हातचं राखून बोलणार, आपण त्याला बोलता करायचं, याची तिनं वाटेत तयारी केली होती.

तयारी फुकट गेली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. गोजरबाईनं आवाज चढवून विचारलं, तुझ्या हिंगात मैदा घालतोस का रे? नागप्पानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती म्हणाली की नातीला गहू चालत नाही, डॉक्टरांनी विचारलंय, पोर जायला लागली आहे. हे ऐकल्याबरोबर त्यानं हातातला तराजू खाली ठेवला.

"हाय की अक्का. निम्म्याच्या वर मैदाच हाय. वर डिंक, आन् खरा हिंग नावाला. नुसता खरा हिंग कुणाच्या जिभंला सोसत न्हाय, म्हणून मैद्यात बांधून विकायचा. समदेच करतेत. पोरीला घालू नगा."

गिऱ्हाइकं ऐकत होती. त्याला त्याचं काही नव्हतं. गोजरबाईच गडबडली. म्हणाली, अरे पण फोडणीत तो जळतोच की. जळाल्यावर कसला मैदा?

नागप्पा हसला. "जळालं म्हणून मैद्याचं खोबरं हुतंय का, अक्का?"

जाता जाता गोजरबाईनं हळूच विचारलं, की एवढ्या माणसांत धंद्याची गोष्ट कशी सांगितलीस? तो परत तराजू उचलत म्हणाला, लेकराचं विचारलंत, त्यात झाकायचं काय. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोहरी तोलायला लागला.

ती घराकडे निघाली. एरवी ती ही वाट भाजीवाल्यांशी घासाघीस करत चालायची, आज कुणी हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही. डोक्यात भांडण चाललं होतं. एवढ्या मसाल्यात गहू तो किती? मूठ-दोन मुठी. पोरीच्या वाटीत त्यातला किती येणार? चिमूटही नाही. पण डॉक्टर कण म्हणाले होते. शिवाय भाजलेला. देवीला चालतो, मग पोरीला का चालू नये? चौकात आल्यावर त्याचंही उत्तर तिचं तिलाच मिळालं. देवीचं पोट दुखत नाही.

मग एकेक आठवत गेलं. पोर सावरली होती ती बेचव भातावर. आजारी पडली ती आपण ताटात घेतल्यावर. मंद्रूपला भरली, कारण तिथे आपलं येसर नव्हतं. आणि सगळ्यात जास्त खालावली ती आपण एकटीनं चारायला लागल्यावर. शेवंतानं तर सांगितलंच होतं, मग बगा. ती वेशीजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर बसली. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी पोचली तेव्हा शेवंता भाकऱ्या थापत होती. रावजी अजून यायचा होता. छबू भिंतीशी वाकळेवर पडून होती आणि तिच्याजवळ वाटी ठेवलेली होती, कुस्करलेली भाकरी, वर आमटी, वर तूप. सासू येईल आणि चारील म्हणून शेवंतानं नेहमीसारखी तयार ठेवलेली. गोजरबाईनं वाटी उचलली, मोरीजवळ नेऊन ठेवली आणि चुलीसमोर येऊन बसली.

"शेवंता, येसरात गहू हाय."

शेवंताचा हात परातीत थांबला. "कुणी घातला?"

"मीच. पयल्यापासनं घालते. काळा करून. त्यानंच दाटपणा येतो. आमच्या आत्याबाईनं सांगितलेलं."

चुलीवरची भाकरी फुगून एका बाजूनं जळायला लागली होती. दोघींपैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"मग डाक्टरानं इचारलं तवा न्हाय का म्हणलासा?"

कस्तुराबाईचं नाव घेता आलं असतं. ती तिथे होतीच, आणि तिच्यासमोर प्रमाण सांगणं म्हणजे धंदा बुडवणं, हे शेवंतालाही पटलं असतं. पण त्या दुपारी गोजरबाईच्या मनात कुणाची भीती होती हे गोजरबाईला ठाऊक होतं.

"तू शेजारी बसली हुतीस म्हणून."

पिठाचे हात तसेच घेऊन शेवंतानं छबूला उचललं आणि मागच्या दारी जाऊन पाठमोरी बसली. तोंडावर आरोप झाला तेव्हा जी रडली नव्हती ती आता रडायला लागली, आवाज न करता, पाठ हलत होती तेवढीच. गोजरबाईला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं जाणार? तिनं जळालेली भाकरी तव्यावरून काढली आणि उरलेल्या थापून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ती रावजीला घेऊन दवाखान्यात गेली. तोच बाक, तशीच गर्दी. तिनं उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं की परवा मी खोटं बोलले, मसाल्यात गहू आहे, हिंगात मैदा आहे. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आता मुंबईचं थोडं थांबू. मात्र घरातला एकही डबा न तपासता ठेवू नका.

मग त्या घरात एक गोष्ट सुरू झाली जी आजवर कुणी केली नव्हती. शेवंता एकेक डबा, बरणी पुढे ठेवून विचारायची, यात काय हाय? आणि गोजरबाई मुकाट्यानं सांगायची. मेतकूट, त्यात गहू. बाजूला. कैरीचं लोणचं, त्यात हिंग. बाजूला. पापड, हिंग. बाजूला. शेंगांची चटणी, नुसते दाणे, लसूण, तिखट, मीठ. चालेल. कारळाची, जवसाची, चालतील. शेवंतानं चटणीची वाटी हातात धरून विचारलं, कुटली कशात? गोजरबाईचा चेहरा पडला. त्याच उखळात, ज्यात येसर कुटायचं. सगळ्या चटण्याही बाजूला गेल्या. रावजीनं बाजारातून नवा खलबत्ता आणला आणि तो छबूचा म्हणून वेगळा ठेवला. घरातलं येसर मोरीत ओतवेना, अन्न टाकायचं पाप कोण घेणार? तो सगळा डबा गोजरबाईनं कस्तुराबाईला नेऊन दिला आणि न विचारताच सांगितलं की त्यात गहू असतो, काळा भाजून. कस्तुराबाई इतक्या वर्षांनी मिळालेलं हे घबाड घेऊन आत गेली, पण तिलाही त्या दिवशी फारसा आनंद झालेला दिसला नाही.

आणखी एक गोष्ट बदलली. त्या संध्याकाळपासून छबूला घास शेवंता भरवू लागली. गोजरबाईला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण वाटी शेवंताकडेच असायची. गोजरबाई ज्वारी दळायची, जातं पुसायची, आणि पोर जेवायला बसली की काहीतरी निमित्त काढून ओसरीवर जायची. आतून पोरीचं बोलणं ऐकू यायचं. मऊ भात झाला, मग भाकरी झाली. पोट उतरलं. दिवाळीच्या सुमाराला ती ओसरीपर्यंत धावत आली आणि आजीच्या मांडीवर आदळली. गोजरबाईनं तिला घट्ट धरलं आणि मग, कुणी बघतंय का असं पाहून, सोडून दिलं.

लग्नसराई आली तशी माणसं येसराला आली. गोजरबाईनं सांगून टाकलं की आमच्या घरी आता ते होत नाही, कस्तुराबाईकडे जा, तिचं आमच्यासारखंच असतं. रावजीला वाटलं आईनं मुसळ कायमचं खाली ठेवलं. पण एका सकाळी शेवंतानंच मसाला भाजायला चूल पेटवून कढई चढवली आणि दार लावून घ्यायला उठली. घरच्या रितीनंच. गोजरबाई म्हणाली, राहू दे उघडं.

मग ती सुनेशेजारी बसली आणि एकेक जिन्नस किती, कुठल्या आचेवर, कुठल्या रंगापर्यंत, ते सगळं सांगत गेली. बजाबाईनं कानात सांगितलेलं तिनं चारचौघांत बोलावं तशा आवाजात सांगितलं. शेवंता ऐकत होती, भाजत होती. धने झाले, तीळ झाले, खोबरं झालं. मग ती थांबली.

"आन् गव्हाच्या जागी काय घालायचं?"

"ते मला ठावं न्हाय," गोजरबाई म्हणाली. "ते तू ठरीव."

शेवंतानं ठरवलं, पण एका दमात नाही. ज्वारी घातली तर चव तुरट झाली. बाजरीनं कडवट आली. नुसत्या हरभऱ्याच्या डाळीनं आमटी पिठल्यासारखी लागली. रावजी प्रत्येक वेळी 'छान झालीय' म्हणायचा, त्यामुळे त्याचं मत कुणी धरत नव्हतं. शेवटी तांदूळ आणि डाळ यांचं काहीतरी तिला साधलं. त्या दिवशी तिनं आमटी केली, ताटात भाकरी कुस्करली, वर ओतली. छबू पाटावर बसून ताटाकडे बघत होती. गोजरबाई ओसरीवर जायला उठली.

"आत्या, कुटं चाललासा? बसा की."

गोजरबाई बसली. ताटाकडे बघत तिनं विचारलं, काय काय घातलंस? विचारायला नको होतं असं नव्हे, त्या घरात आता विचारायचीच पद्धत होती. शेवंतानं एकेक जिन्नस सांगितला, धन्यांपासून तांदळापर्यंत, कुठून आणला, कशात भाजला, कशात कुटला. सगळं सांगून झाल्यावर तिनं ताट सासूपुढे सरकवलं.

"घ्या. चारा तिला."

पहिला घास करायला गोजरबाईला वेळ लागला.